काच टाकाऊ नाही : राळेगावच्या बांगडीपासून कौंडण्यपूरच्या मण्यापर्यंत

मंडळी, आज राजकारण नाही, कापसाचे भाव नाहीत, रस्त्यातले खड्डेही नाहीत. आज काचेवर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, जेवण-बिवण आटोपून सवडीनं वाचा.

झालं असं, की मागच्या महिन्यात आपल्या भागातल्या एका शाळेत मुलांच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. आठवीतल्या एका मुलीनं खिडकीची जुनी काच घेऊन तिच्यावर फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे चिकटवले होते. चित्र होतं रावेरीच्या सीतामंदिराचं. गर्द हिरव्यापासून पोपटी रंगापर्यंत झाडं, मध्ये देऊळ, वर मावळतीचं आभाळ. ती काच उजेडासमोर धरली की सगळं चित्र पेटल्यासारखं दिसायचं. खरं सांगतो, मी पाच मिनिटं तिथून हललो नाही.

पण ते ठेवलं होतं कुठं? ‘टाकाऊपासून टिकाऊ’च्या टेबलावर. प्लास्टिकच्या बाटलीची कुंडी आणि लग्नपत्रिकेचा आकाशकंदील यांच्यामध्ये. शिक्षकांना विचारलं, तर ते म्हणाले, “भाऊ, कला विभागात चित्र, मातीकाम, रांगोळी आणि विणकाम एवढेच रकाने हायेत. काचेचा रकानाच नाही. कुठं बसवू?” त्यांचा दोष नव्हता. छापील नमुन्यातच रकाना नव्हता. ती मुलगी बाजूलाच उभी होती. हळूच म्हणाली, “काका, हे कला नाही का मंग?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे काचेबद्दलचा आपला आकस फार जुना आहे. संस्कृत सुभाषितांत काच येते ती बहुतेक खोट्याचं उदाहरण म्हणून. मणी खरा, काच खोटी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातसुद्धा रत्नांचे प्रकार सांगून झाल्यावर काचमण्यांचा नंबर शेवटी लागतो. म्हणजे पाचू-माणिक ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी काच. दागिन्यांच्या पंगतीत ती कायम शेवटच्या पानावर.

आता जरा उलट बाजूनं पाहा. पाचू जमिनीत तयार सापडतो. माणूस त्याला फक्त घासतो आणि पैलू पाडतो. काचेचं तसं नाही. वाळू, खार आणि चुना एकत्र करून, हजार अंशांच्या वर भट्टी तापवून माणसाला तो पदार्थच तयार करावा लागतो. नुसती वाळू वितळवायची तर सतराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, जुन्या भट्ट्यांत ते शक्यच नव्हतं. कोणीतरी शोधून काढलं की खार मिसळला की वाळू लवकर विरघळते, पण नुसता खार घातला तर काच पाण्यात टिकत नाही, म्हणून चुना पाहिजे. कोबाल्टनं निळी, तांब्यानं मोरपिशी नाहीतर लाल, लोखंडानं हिरवी, मँगनीजनं जांभळी. हे सगळं पुस्तकाशिवाय, नजरेच्या अंदाजावर आणि ज्वाळेचा रंग पाहून चालायचं. ज्यांना आपण ‘खोटे मणी करणारे’ म्हणालो, ते खरं म्हणजे आपले पहिले रसायनतज्ज्ञ होते.

आणि हे कुठं चाललं होतं? लांब कशाला जायचं. वर्धा नदी आपल्या तालुक्याच्या कडेनं वाहते. तिच्या काठानं वर वर जात राहा, अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात कौंडण्यपूर लागतं. रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण तिथं जातो, दर्शन घेतो, परत येतो. त्या गावच्या पांढरीच्या टेकाडात १९६० च्या दशकात उत्खनन झालं. ते करणारे होते डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित. त्यांचा अहवाल १९६८ साली महाराष्ट्र शासनानं छापला. तिथं जे मणी सापडले, त्यांत काचेचेही आहेत.

हे दीक्षित कोण, हे विदर्भातल्या माणसाला माहीत असायला पाहिजे. पुरातत्त्वातले बाकी लोक नाणी, शिलालेख आणि मूर्तींच्या मागं असताना या माणसानं मण्यांचा ध्यास घेतला. बोटाच्या पेरावर मावणारा मणी. १९४९ साली नक्षीच्या मण्यांवर त्यांचं पुस्तक आलं. आणि १९६९ साली मुंबई विद्यापीठानं त्यांचा भारतीय काचेचा इतिहास प्रसिद्ध केला. ते इंग्रजीत आहे. भारतात काच कशी आली, कुठं घडली, कुठल्या खणतीत कुठल्या थरात काय मिळालं, हे सगळं एका जागी मांडण्याचं काम एका मराठी माणसानं केलं. आज किती मराठी लोकांना त्यांचं नाव माहीत आहे, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो. मलाही पस्तिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं.

त्या काळी आपला भाग आडबाजूला नव्हता. नागपूरजवळच्या माहुरझरीला अकीक आणि गोमेदासारख्या दगडांचे मणी घडत. मराठवाड्यातलं तेर आणि गोदेकाठचं पैठण ही गावं इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या नोंदवहीत आहेत. इथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचा, असं तो लिहितो. त्याच वहीत भडोचला बाहेरून उतरणाऱ्या मालात कच्च्या काचेचाही उल्लेख आहे. म्हणजे परदेशातून काचेचे ढेकूळ यायचे आणि इथले कारागीर त्यातून वस्तू घडवायचे. आणि त्याच शतकातला रोमचा प्लिनी काय लिहितो? भारतातली काच फुटक्या स्फटिकापासून करतात, म्हणून तिची बरोबरी दुसरी कुठली काच करू शकत नाही. त्याची कृतीची माहिती ऐकीव असेल, पण नावलौकिक तर रोमपर्यंत पोचला होता ना!

मण्यानंतर बांगडी. १९४५-४६ साली कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झालं. डॉ. सांकलिया आणि हेच आपले दीक्षित. तिथं बहामनी काळाच्या थरांत काचेच्या बांगड्यांचे रंगीबेरंगी तुकडे निघाले. नेवाशालाही तेच. त्या काळात काचेची बांगडी गावोगाव, घरोघर पोचली होती.

ती करायची कशी, ते ऐका. लोखंडी सळईच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा. त्याला मधोमध भोक पाडायचं. मग मातीच्या निमुळत्या सुळक्यावर तो चढवायचा आणि फिरवत फिरवत ते भोक मनगटाएवढं रुंद करायचं. जोड कुठंच नाही. फिरवताना हात जरा थांबला तर एक बाजू जाड, एक पातळ. काच थंड झाली तर तडकली. या सगळ्या घाईत वरून दुसऱ्या रंगाच्या काचेची पट्टी बसवायची, काळ्यावर पिवळी, तिच्यावर तांबडे नाहीतर हिरवे ठिपके. काही क्षणांचा खेळ. हेच इटलीत कोणी केलं तर आपण तिकीट काढून बघायला जातो.

करणाऱ्याचं नाव? कुठंच नाही. ‘कासार’ आणि ‘मणियार’ एवढीच नावं उरली. मणियार या नावात मणी आहे, म्हणजे घराण्याच्या आडनावात कला शिल्लक आहे, पण कलावंत म्हणून नोंद नाही. आपल्या आठवडी बाजारात दोरीत ओवलेल्या माळा घेऊन बसणाऱ्या ज्या बांगडीवाल्या काकू दिसतात, त्यांच्याकडं बघताना एवढं लक्षात ठेवा, की बाईचा हात दाबून, अंगठा आत वळवून, अगदी मापाची बांगडी न फुटता चढवणं हेही एक कसब आहे. आणि तेही आता चाललं. परवा एक काकू मला म्हणाल्या, “आता काच कोन घेते बाप्पा, सारं मेटल आन् प्लास्टिक. लग्नाच्या चुड्यापुरती काच उरली.”

आता इंग्रजी अमदानीत या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात ज्या बांगड्या होत्या, त्यातल्या कितीतरी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, आणि पुढं जपानहून आलेल्या होत्या. कारखान्यातला गुळगुळीत, स्वस्त माल. गावठी भट्ट्या त्यापुढं टिकल्या नाहीत. सौभाग्याचं लेणं आपलं आणि पैसा गेला युरोपात!

यावर उत्तर शोधलं ते एका साध्या शिक्षकानं, अंताजी दामोदर काळे यांनी. माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग काढायचा. लोक हसले. पण टिळकांनी पाठबळ दिलं आणि पैसा-पैसा जमून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत काचेचं शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं आले. वस्तू तर बनल्याच, पण त्याहून मोठं काम म्हणजे माणसं तयार झाली. तिथं शिकलेल्या लोकांनी पुढं देशात ठिकठिकाणी काचेचे कारखाने उभे केले. त्यानंतर १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, गावाचं नावच ओगलेवाडी पडलं. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील तुमच्यापैकी किती जणांच्या घरी होता? आमच्या माळ्यावर अजून आहे. वीज गेली की माझे आजोबा त्याचीच काच राखुंडीनं पुसायचे.

या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण एक गोष्ट मनमोकळेपणानं मांडायला पाहिजे. स्वदेशीनं काचेला उद्योग म्हणून मान दिला, कला म्हणून नाही. चिमणी, बाटली, दौत, कंदील यांची देशाला गरज होती आणि ती भागली. पण हातमागाला जसा पुढं मान मिळाला, पैठणीला जसा मिळाला, तसा काचेला कुणी दिला नाही. भट्टी कारखान्यात गेली आणि कारागीर मजूर झाला.

जगात काय झालं? पहिल्या शतकात, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या सिदोनकडचा एक काचकार होता, एन्नियन. तो आपल्या भांड्यांवर साच्यातच नाव घालायचा, ‘एन्नियननं बनवलं’ म्हणून. दोन हजार वर्षं झाली, ते नाव आजही वाचता येतं. व्हेनिसनं १२९१ साली आगीच्या भीतीनं सगळ्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. तिथल्या कारागिरांना मान होता, पण गुपित फुटू नये म्हणून परवानगीशिवाय बाहेर पडायची बंदीही होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या नान्सीचा एमिल गाले पॅरिसच्या प्रदर्शनांत आपल्या सहीची फुलदाणी मांडू लागला आणि लोक ती चित्रासारखी विकत घेऊ लागले. आणि १९६२ साली अमेरिकेत टोलेडोच्या संग्रहालयात हार्वे लिटलटन यांनी कार्यशाळा घेतली, छोटी भट्टी करून दाखवली. कलावंत एकटासुद्धा, कारखान्याशिवाय, गरम काचेवर काम करू शकतो, हे तिथं सिद्ध झालं. तिथून विद्यापीठांत काच शिकवायला लागले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०२० साली युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत काचेच्या मण्यांची कला घेतली. कोणाची? इटली आणि फ्रान्सची. २०२३ साली हातानं काच घडवण्याचं कसब त्याच यादीत आलं. कोणाचं? चेक, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी आणि स्पेनचं. मध्ये २०२२ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी काचेचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. आपल्याकडं किती शाळांत कळलं? त्या देशांचा मला राग नाही. त्यांनी कारागिरांची नोंद ठेवली, कागद तयार केले, अर्ज केला. ज्यांचे मणी प्लिनीच्या काळात नावाजलेले, त्यांच्याकडं मात्र शाळेच्या नमुन्यात रकाना नाही!

आपल्याकडं काचेला कला म्हणून पाहायचं तर मुंबईला जावं लागतं. राजाबाई टॉवरच्या खालच्या विद्यापीठ ग्रंथालयातल्या रंगीत काचेच्या खिडक्या बघा. एकोणिसाव्या शतकातलं काम, इंग्रजी घडणीचं. दहाएक वर्षांपूर्वी त्यांची दुरुस्ती झाली, आणि तुकडा तुकडा सोडवून, साफ करून, शिशाच्या पट्ट्यांत पुन्हा बसवण्याचं ते काम आपल्या लोकांच्या हातांनी झालं. म्हणजे हात आपल्याकडं आहेत. नाहीत असं कुणी म्हणू नये.

फिरोजाबादच्या काचेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ही चांगली गोष्ट. तुमच्या घरातली हिरवी बांगडी बहुतेक तिथलीच असणार. पण मानांकन मालाला मिळालं, माणसाला काय मिळालं? भट्टीवर काचेचा धागा फिरत्या दांड्यावर गुंडाळून लांबच लांब वेटोळं करतात, ते कापतात, आणि मग एकेका बांगडीची दोन टोकं बारीक ज्योतीवर जुळवतात. हे जुळवायचं काम वर्षानुवर्षं घराघरांत, अंधाऱ्या खोल्यांत बायका आणि पोरं करत आली. डोळे जातात, छाती जाते. ताजमहालाला धूर लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली त्या भागातल्या उद्योगांना कोळसा बंद करायला लावला. ताजच्या दगडाची काळजी घेतली ते बरंच झालं. बांगडी जुळवणाऱ्या पोराच्या फुप्फुसाची तेवढी घेतली का? सजावटीची कला म्हणून मान्यता पाहिजे ती एवढ्यासाठीही. कलावंत म्हटलं की मोल द्यावं लागतं. मजूर म्हटलं की डझनावर भाव होतो.

आणि आता एक घरातली गोष्ट सांगतो. सांगू की नको, दोनदा विचार केला.

लहानपणी मी आणि माझी बहीण काचापाणी खेळायचो. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, बांगडीचे तुकडे टाकायचे आणि दुसरा न हलवता एकेक उचलायचा. आमच्या डबीत लाल तुकडा नव्हता. काका गेले त्या दिवशी घरामागं, विहिरीजवळ, मला लाल-हिरव्या तुकड्यांची रास दिसली. मी हरखून ओंजळ भरली आणि पळत आलो. आजीनं हातावर फटका मारून सगळे खाली पाडले. ज्या आजीनं आम्हाला शिकवलं होतं, की बांगडी ‘फुटली’ म्हणायचं नसते, ‘वाढवली’ म्हणायचं, तीच आजी त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. काकूचं वय तेव्हा सव्वीस होतं. कर्जाचं ओझं काय असतं आणि फवारणीचं औषध घरात का ठेवू नये, हे मला पुढं कळलं. आपल्या जिल्ह्यात अशी किती घरं आहेत, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

काकू चाळीस वर्षं उघड्या हातानं वावरल्या. एकदा माझ्या मुलीच्या हातातल्या बांगड्या पाहून म्हणाल्या, “मले निळ्या लय आवडत होत्या.” बस, एवढंच. बांगडी त्यांना सौभाग्य म्हणून नव्हे, रंग म्हणून आवडत होती. ते आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, की विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे आमच्या गावात बंद. राज्य सरकारनंही लगेच परिपत्रक काढून इतर गावांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं. मला वाटतं काचेला कला म्हणून मान देणं आणि हा ठराव करणं, यांचा एकमेकांशी संबंध आहे. बांगडी ही नवरा असल्याची पावती आहे असं मानलं, तर तो गेल्यावर ती फोडायचा हक्क गावाला मिळतो. ती बाईनं आवडीनं निवडलेली, कुणीतरी कसबानं घडवलेली सुंदर वस्तू आहे असं मानलं, तर फोडायला हात धजणार नाही.

म्हणून माझ्या चार साध्या मागण्या आहेत. सरकारकडं कमी, आपल्याचकडं जास्त.

एक, वर्धेच्या काठच्या गावांत, पांढरीच्या जागी, पहिल्या पावसानंतर शेतात कधीकधी मणी दिसतात. पोरं गोट्या म्हणून खेळतात किंवा कुणी भंगारासोबत देऊन टाकतं. असं काही दिसलं तर जागेचा फोटो काढा, तहसील कार्यालयाला कळवा. जमिनीतून निघालेल्या जुन्या वस्तूंबद्दल १८७८ पासून कायदा आहे. त्या विकायच्या नसतात.

दोन, आपल्या बाजारात बांगड्या भरणारी जी म्हातारी माणसं आहेत, त्यांच्याशी बोला, मोबाइलवर त्यांचं बोलणं उतरवून ठेवा. बांगड्यांच्या प्रकारांची आणि मापांची जुनी नावं त्यांनाच माहीत आहेत.

तीन, शाळांनी कलेच्या नमुन्यात काचकामाचा एक रकाना घालावा. त्याला निधी लागत नाही, फक्त एक रेघ ओढावी लागते.

चार, राळेगाव तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव मांडावा. जिथं झाला असेल त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, अभिमानानं वाचू.

जाता जाता त्या पोरीचं सांगतो. काल तिच्या घरी गेलो होतो. तिला एन्नियनची गोष्ट सांगितली. तिनं कोपऱ्यात जागा शोधली आणि पिवळ्या बांगडीचे बारीक तुकडे जुळवून आपलं नाव लिहायला घेतलं. तिची आई म्हणाली, “कायले लागते नाव?”

मी म्हटलं, वहिनी, लागते.